विंचेस्टर 94 'बफेलो बिल' (1968) : रायफल ओळखण्याच्या आणि किंमत ठरवण्याच्या कामाच्या नोंदी

काम असं : कोलोरॅडोतल्या एका अमेरिकन कुटुंबाच्या वारसा-वाटपात निघालेली लिव्हरची (चापाखालची दांडी ओढून काडतूस भरायची) रायफल नेमकी कोणती ते ठरवणं, तिची विकता येईल अशी किंमत काढणं आणि त्याचा कागद करून देणं. कागदपत्रं आणि भावांचा शोध आम्हा दोघांकडे, बंदुकीला हात लावण्याचं काम परवानाधारक दुकानाकडे. एकूण सहा आठवडे लागले. चुका टाळल्या असत्या तर चार दिवसांत उरकलं असतं.

3 सप्टेंबर 2024

फोटो आले. सोनेरी-तपकिरी दस्ता, काळाकुळकुळीत रिसीव्हर (नळी आणि दस्ता यांच्यामधली धातूची पेटी), त्यावर वेलबुट्टी, दस्त्यात उजवीकडे नाण्याएवढं पदक. घरच्यांच्या मते 'लिमिटेड एडिशन आहे, म्हणजे पाचेक हजार डॉलर कुठे गेले नाहीत'.

बंदूक बघायला जाण्याआधी एक गोष्ट निकालात काढली : तिला हात कोण लावणार? एच-1बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस ताब्यात बाळगता येत नाही. राज्याचा वैध शिकारी परवाना असणं, असे काही ठरावीक अपवाद आहेत. ग्रीन कार्ड असेल तर ही आडकाठी नाही. आमच्यापैकी एकजण एच-1बीवर. त्यामुळे 'गाडीच्या डिकीत टाकून घरी आण, टेबलावर निवांत बघू' हा बेत पहिल्याच दिवशी बाद. बंदूक कुटुंबातल्या माणसानेच दुकानात नेली, आम्ही वही आणि कॅमेरा घेऊन गेलो.

4 सप्टेंबर

तपासणीआधी बंदूक रिकामी असल्याची खात्री. विंचेस्टर 94 या मॉडेलमध्ये काडतुसं नळीखालच्या ट्यूबमध्ये राहतात, त्यामुळे नुसतं चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) बघून भागत नाही. लिव्हर पूर्ण खाली, वरून बॅटरीचा झोत, मग करंगळी आत घालून चेंबर चाचपलं. त्यानंतर उजवीकडचं लोडिंग गेट आत दाबून ट्यूबच्या तोंडाशी फॉलोअर (काडतुसं पुढे ढकलणारी टोपी) आलाय का ते पाहिलं. फॉलोअर दिसला तरच ट्यूब रिकामी समजायची. कॅरियरखाली (काडतूस वर उचलणाऱ्या भागाखाली) एखादं काडतूस अडकून राहतं, तीही जागा बघून घ्यावी.

या सगळ्यासाठी लिव्हर दोनदाच हलवली. संग्राहकाच्या बंदुकीवर 'खटॅक खटॅक' करायचं नसतं, प्रत्येक फेरीला बोल्टवर (नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या दांड्यावर) आणि कॅरियरवर घासल्याची रेघ पडते. ज्याला हे ठाऊक नाही तो दुकानात आल्या आल्या आधी लिव्हरच ओढतो.

नळीवरची अक्षरं उतरवून घेतली. 'बफेलो बिल कमेमोरेटिव्ह' (म्हणजे स्मारक आवृत्ती), कॅलिबर .30-30, रिसीव्हरमागच्या पट्टीवर 'डब्ल्यू. एफ. कोडी – चीफ ऑफ स्काउट्स'. अनुक्रमांक डब्ल्यूएफसी आणि पुढे पाच अंक, सुरुवात 31 ने. उरलेले तीन अंक इथे देत नाही.

7 सप्टेंबर : पहिली आणि सगळ्यात महागडी चूक

अनुक्रमांकावरून वर्ष शोधण्याची तयार कोष्टकं असतात. त्यांत 31 हजारांच्या घरातला आकडा टाकला. उत्तर आलं, 1890 च्या दशकाच्या मध्यातलं. आम्ही तेच कुटुंबाला कळवलंही : बंदूक सव्वाशे वर्षं जुनी दिसते.

झालं होतं असं, की कोष्टकाच्या रकान्यात अक्षरं घेतली जात नव्हती, म्हणून 'डब्ल्यूएफसी' गाळून नुसते अंक भरले. पण स्मारक आवृत्त्यांचे क्रमांक नेहमीच्या मालिकेत नसतात, त्यांची मोजणी वेगळी सुरू होते. अमेरिकेच्या पश्चिमेतल्या बफेलो बिल या गाजलेल्या स्काउटचं खरं नाव विल्यम फ्रेडरिक कोडी, त्याची आद्याक्षरं म्हणजे डब्ल्यूएफसी, आणि ती क्रमांकाचाच भाग आहेत. 1969 च्या थिओडोर रूझवेल्ट आवृत्तीला टीआर, त्याच वर्षीच्या गोल्डन स्पाइकला जीएस, 1981 च्या जॉन वेनला जेडब्ल्यू. अक्षर गाळलं की बंदूक पाऊणशे वर्षांनी म्हातारी होते.

यात नुसत्या लाजेचा प्रश्न नाही. 1898 पर्यंत बनलेली बंदूक केंद्रीय कायद्यात 'अँटिक' ठरते आणि तिच्या विक्रीला परवानाधारक दुकानाची गरज राहत नाही. म्हणजे आमच्या कागदावर विसंबून कुणी ही रायफल पार्किंगमध्ये परराज्यातल्या, परवाना नसलेल्या माणसाला हातोहात विकली असती, तर तो गुन्हा झाला असता. ई-मेल मागे घेतला, फोन केला, घरच्यांची समजूत काढली. चार दिवस गेले.

11 सप्टेंबर

वर्ष पक्कं करायला क्रमांकाला सोडून बंदुकीवरच्या खुणा पाहिल्या. आधी हेच करायला हवं होतं.

नळीवर आणि रिसीव्हरवर लंबगोलात 'डब्ल्यूपी' हा विंचेस्टरचा चाचणी शिक्का आहे. तो 1905 पासूनचा, म्हणजे 1890 च्या दशकाचा दावा तिथेच संपतो. रिसीव्हरमधल्या काही पिना भरीव नसून पत्रा गुंडाळल्यासारख्या पोकळ आहेत, मध्ये भोक स्पष्ट दिसतं. लिव्हर उघडल्यावर दिसणारा कॅरियर पत्र्यातून ठोकून काढलेला. या दोन्ही काटकसरी कंपनीने 1964 मध्ये आणल्या. म्हणूनच जुन्या बाजारात 'प्री-सिक्स्टीफोर' हा शब्द पावतीसारखा चालतो.

रिसीव्हरचा काळा रंग ब्ल्यूइंगचा (पोलादाला रसायनाने दिलेला निळसर-काळा रंग) नाही, काळ्या क्रोमचा मुलामा आहे. 1964 नंतरच्या रिसीव्हरचं पोलाद वेगळ्या जातीचं, त्यावर नेहमीची ब्ल्यूइंग नीट धरत नाही. कडेचा रंग उडालेला दिसला म्हणून कुणी बाटलीतली कोल्ड ब्ल्यू लावायला गेलं, तर डाग पडतो आणि तो निघत नाही. लावू नये.

घोडा, चाप, लोडिंग गेट, डावीकडची खोगिराची कडी, चंद्रकोरीसारखी बट-प्लेट आणि पुढच्या लाकडाची टोपी : सगळ्यावर निकेलचा मुलामा. पदक बफेलो बिल स्मारक मंडळाचं. बफेलो बिलच्या आवृत्तीशी हे सगळं जुळतं. वर्ष 1968, कारखाना न्यू हेवन, कनेटिकट.

12 सप्टेंबर

ही आवृत्ती दोन लांबींत निघाली, 26 इंची रायफल आणि 20 इंची कार्बाइन. भाव वेगळे, म्हणून नळी मोजली. टेप रिसीव्हरच्या पुढच्या कडेपासून तोंडापर्यंत धरला, तर माप 25 आणि वर काही. 'नळी कापली की काय' म्हणून अर्धा तास तोंडाकडची कड भिंगाने पाहण्यात गेला.

नळीचा आटे पाडलेला भाग रिसीव्हरच्या आत असतो, तो बाहेरून मापात येत नाही. बरोबर पद्धत : बंदूक रिकामी, बोल्ट बंद, तोंडातून लाकडी गोल काठी बोल्टला टेकेपर्यंत हलकेच सोडायची, तोंडापाशी काठीला चिकटपट्टी लावायची, बाहेर काढून काठी मोजायची. 26 इंच भरलं. काठीचं टोक गोल घासून घ्यावं, धातूचा गज वापरू नये.

16 सप्टेंबर

वायोमिंगमधल्या कोडी गावी बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्ट आहे. तिथल्या बंदूक-संग्रहालयाकडे विंचेस्टरच्या कारखान्याच्या जुन्या वह्या आहेत आणि त्यांवरून क्रमांकनिहाय पत्र मिळतं. आम्ही ते मागवायला निघालो होतो. अर्ज भरता भरता लक्षात आलं की 1894 मॉडेलच्या (94 चंच मूळ नाव) वह्या 3,53,999 या क्रमांकापर्यंतच्याच आहेत, त्यापुढच्या बंदुकांचं पत्र निघत नाही. 1968 च्या स्मारक रायफलीला तर प्रश्नच नाही. पैसे वाचले, पण नुसते अंक भरून अर्ज गेला असता तर दुसऱ्याच कुणाच्या तरी 1890 च्या दशकातल्या बंदुकीची माहिती आली असती आणि आम्ही ती खरी मानली असती.

गंमत अशी, की ही आवृत्ती ज्या संग्रहालयाच्या मदतीसाठी काढली, ते याच संस्थेचं मूळ रोपटं.

19 सप्टेंबर : 'लिमिटेड' म्हणजे किती?

घरच्यांच्या पाच हजारांच्या आशेचं उत्तर या एका आकड्यात आहे : बफेलो बिल आवृत्तीच्या 1,12,923 बंदुका बनल्या. त्याआधीच्या सेंटेनियल '66 च्या 1,02,309. म्हणजे तालुक्याच्या गावाला माणशी एक पुरेल एवढ्या. तुलनेला 1964 ची वायोमिंग डायमंड ज्युबिली घ्या, फक्त 1,501. 1966 ची नेब्रास्का सेंटेनियल, 2,500. चारही 94 च, कॅलिबरही तेच. नावात 'स्मारक' सगळ्यांच्या आहे, दुर्मीळ दोनच.

बफेलो बिलमध्येही खऱ्या अर्थाने मर्यादित अशा 300 रायफली वेगळ्या काढल्या होत्या, तेव्हाची किंमत 1,000 डॉलर. आमच्याकडची साधी, मूळ किंमत 129.95 डॉलर.

1968 चे 129.95 डॉलर आजच्या महागाईने साडेअकराशेच्या वर जातात. ही बंदूक आज तेवढ्याला जात नाही. त्या काळी हजारो लोकांनी 'पुढे सोनं होईल' म्हणून ती न वापरता कपाटात ठेवली. सगळ्यांनीच जपून ठेवल्यामुळे चांगल्या स्थितीतला माल बाजारात आजही मुबलक आहे, आणि शिकाऱ्याच्या हातची झिजलेली साधी प्री-सिक्स्टीफोर कार्बाइन बऱ्याचदा हिच्यापेक्षा जास्त पैसे मिळवते. आवृत्ती ओळखून झाल्यावर किमतीचा बाकी सगळा खेळ स्थितीवर, खोक्यावर आणि कागदांवर असतो तो यामुळे. पुढच्या तीन नोंदी म्हणूनच लांब आहेत.

21 सप्टेंबर : स्थिती

खिडकीपाशी तिरप्या उजेडात पाहिलं. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळंच नवं दिसतं.

डावी बाजू सगळ्यात आधी. खोगिराची कडी हलती असते. बंदूक उचलली, ठेवली, आडवी केली की ती रिसीव्हरवर आपटते. इथे कडीच्या खाली वेलबुट्टीवर केसासारख्या बारीक रेघांचा अर्धवर्तुळाकार पट्टा आहे, कंपासने काढल्यासारखा. नख फिरवलं तर अडकत नाही, पण भिंगाखाली काळ्या क्रोममधून खालची राखाडी धातू दिसते. फोटोत हा पट्टा वेलबुट्टीत लपून जातो, ऑनलाइन घेणाऱ्याने डाव्या बाजूचा फोटो कडी वर धरून मागावा. कडीला चामड्याची वादी गुंडाळली की हा प्रकार थांबतो. खर्च चार डॉलर, पन्नास वर्षांपूर्वी करायला हवा होता.

पदक. कुणीतरी ते पितळ चमकवायच्या पॉलिशने घासलं आहे. कडेच्या खाचेत पांढरी भुकटी सुकून बसलेली आणि चेहऱ्यावरचे उठाव गुळगुळीत झालेले. भाव इथे नक्की पडतो.

स्क्रूच्या खाचा स्वच्छ, कडा उचकटलेल्या नाहीत, म्हणजे बंदूक खोललेली नाही. दस्त्याखाली गंज आहे का हे बघायला आम्हालाही खोलावीशी वाटली. नाही खोलली. एकदा पेचकस घसरला की पन्नास डॉलर गेले.

बट-प्लेटच्या टोकाशी निकेलवर मोहरीएवढे तीन गंजाचे ठिपके. बंदूक वर्षानुवर्षं थर्मोकोलच्या खोक्यात पडून असली की दमट हवा आत कोंडते, ते हे.

23 सप्टेंबर : दुसरी चूक

'न वापरलेली' आणि 'वापरलेली' यात शंभर-दोनशे डॉलरचा फरक पडतो, म्हणून ते तपासायचं होतं. बोल्टच्या तोंडावर फायरिंग पिनच्या भोकाभोवती पितळेचा पुसट डाग दिसला. एवढ्यावर निकाल देता येत नाही, कारण कारखान्यात चाचणीचे बार होतातच. डाग किती गडद आहे आणि नळीत काजळी किती, यावरून अंदाज बांधायचा.

इथे आम्ही घाई केली. तांबं काढणारं अमोनियाचं द्रावण आम्हीच नेलं होतं, ते चिंधीला लावून सरळ नळीत घालायला सांगितलं. पहिली चिंधी कोरडी पांढरी घालायची असते, नळीत काय आहे हे तीच सांगते. ओली चिंधी काळी-निळी होऊन बाहेर आली, पण त्यात जुनं तेल किती आणि बार उडवल्याची काजळी किती हे कळायला मार्ग उरला नाही.

वर आणखी एक. 94 च्या रिसीव्हरची मागची बाजू बंद, त्यामुळे नळी तोंडाकडून साफ करावी लागते. बंदूक उभी धरली होती. द्रावण नळीतून खाली ओघळून बोल्टवरून घोड्यापर्यंत गेलं. अमोनिया निकेलचा वैरी. निकेलखाली तांब्याचा थर असेल तर तो फटीतून आत शिरून तांबं खातो आणि मुलामा सोलायला लागतो. दहा मिनिटांत लक्षात आलं, पुसून काढलं, तेल लावलं. घोड्याच्या डाव्या अंगाला एक मंद धुरकट ठिपका राहिला आहे, तो आमचा. किमतीच्या कागदात तसा लिहिला.

पुढे करणाऱ्याने : बंदूक आडवी, तोंड किंचित खाली, लिव्हर उघडी, बोल्टखाली जुना रुमाल, अमोनिया नसलेलं द्रावण. त्याआधी कोरडी चिंधी.

निकाल : बार झालेले आहेत, फार नाहीत. वर्गवारी 'व्हेरी गुड'च्या वरच्या टोकाला. 'एक्सलंट' म्हणायला कडीचा पट्टा आणि पदक आड येतात.

27 सप्टेंबर : खोका

घरच्यांनी माळ्यावरून खोका आणला. आतला थर्मोकोल एका कोपऱ्यात तुटलेला, वरचं छापील आवरण नाही. खोक्याच्या टोकाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर अनुक्रमांक आहे आणि तो बंदुकीशी जुळतो. हे आधी विचारायचं राहून गेलं, पहिल्या दिवशी विचारावं. क्रमांक न जुळणारा खोका बाजारात सुटा विकत मिळतो आणि त्याला पुठ्ठ्याची किंमत असते. चिठ्ठी खरवडलेली किंवा पेनाने गिरवलेली नाही ना, हेही भिंगातून बघावं.

2 ऑक्टोबर : भाव

दोन दिवस मागितलेले भाव गोळा करण्यात वाया गेले. 1,200, 1,500, एकाने तर 2,400 लावले होते. तीच जाहिरात तपासली तर महिनोन्‌महिने तशीच पडून. विक्रेत्याला हवा असलेला आकडा आणि गिऱ्हाइकाने मोजलेले पैसे यांचा संबंध नाही.

मग एका महिन्याची वर्गणी भरून विक्री पूर्ण झालेले लिलाव पाहिले. बफेलो बिलच्या 14 नोंदी सापडल्या. त्यांतून कार्बाइन 5 काढल्या, रायफल-कार्बाइनची जोडी 1 काढली, फोटो नीट नसलेल्या 2 काढल्या. उरल्या 6. खोक्याविना, वापरलेल्या तीन : 470 ते 550 डॉलर. खोक्यासह, न वापरलेल्या तीन : 700 ते 840. काही लिलावगृहं खरेदीदाराकडून वर 15 ते 20 टक्के घेतात. काही नोंदींत ते धरलेले होते, काहींत नव्हते. सगळ्या एका पायावर आणल्यावरच हे आकडे आले.

आमची बंदूक दोन्ही गटांच्या मध्ये बसते : वापरलेली, पण जुळता खोका. खालच्या गटाच्या वरच्या टोकापासून सुरुवात केली, 550. खोक्याचे अधिक 90, आवरण नसल्याने त्यातले उणे 30. पदकाचे उणे 35, घोड्यावरच्या ठिपक्याचे उणे 10. 565. ही गणितं कुणी शिकवत नाही आणि दुसरा माणूस 20 डॉलर इकडेतिकडे करील. पण वजाबाकी कागदावर मांडली की घरच्यांशी वाद होत नाही.

5 ऑक्टोबर

किमतीचा कागद दिला. त्यात तीन आकडे वेगवेगळे लिहिले, कारण 'किंमत किती' या प्रश्नाला एक उत्तर नसतं. विम्यासाठी, म्हणजे तशीच दुसरी विकत घ्यायला : 700. गिऱ्हाइकाला सरळ विकताना : 565. दुकानाला आज रोख विकली तर : दुकानाने सांगितले 370. शेवटचा आकडा ऐकून घरचे नाराज झाले. दुकानाला भाडं भरायचं असतं आणि बंदूक चार महिने मांडून ठेवायची असते, त्यात फसवणूक काही नाही.

ही 50 वर्षांहून जुनी, म्हणून केंद्रीय नियमात 'क्युरियो अँड रेलिक' ठरते. तसा संग्राहक-परवाना असलेला माणूस ती दुसऱ्या राज्यातूनही थेट घेऊ शकतो. परराज्यातल्या बाकी सगळ्यांना दुकानातूनच. कोलोरॅडोत 2013 पासून खासगी विक्रीही पार्श्वभूमी तपासणीशिवाय होत नाही आणि ऑक्टोबर 2023 पासून ताबा मिळायला तीन दिवस थांबावं लागतं, पण 'क्युरियो अँड रेलिक' बंदुकांना या दोन्हींतून सूट आहे.

16 ऑक्टोबर

दुकानात दलालीवर ठेवली होती, दहाव्या दिवशी 550 ला गेली. 15 टक्के वजा जाता कुटुंबाच्या हाती 467.50. आमचा खर्च : दुकानाची तपासणी फी 60, लिलाव-नोंदींची वर्गणी 15, साफसफाईचं सामान 22, चामड्याची वादी 4, पेट्रोल 38. एकूण 139 डॉलर, त्यातले 22 देऊन आम्ही ठिपका विकत घेतला.

घेणाऱ्याने बंदूक हातात घेण्याआधी खोका उलटा करून चिठ्ठी वाचली, मग कडी वर धरून डावी बाजू पाहिली. लिव्हर त्याने ओढली नाही.